खिळ्यांची बंदूक कशी निवडावी

श्रोतेहो, बंदुकीचें नांव ऐकून दचकूं नये. आजची बंदूक सुताराच्या हातांतली आहे. अमेरिकेंतील बहुतेक घरें लांकडी सांगाड्याचीं. त्यांच्या छपरांवर डांबरी पट्ट्या बसवितात. त्यांना तिकडे शिंगल म्हणतात. भिंतींना बाहेरून फळ्यांचें आवरण असतें, तें साइडिंग. हीं दोन्ही कामें खिळ्यांचीं, आणि एकेका छपराला खिळे हजारोंनीं लागतात. म्हणून दाबलेल्या हवेच्या जोरावर खिळा मारणारी बंदूक आली. आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलें तिकडे घर घेतात व सुटीच्या दिवशीं स्वतःच दुरुस्तीला हात घालतात. त्यांच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगतों.

बंदूक किती जोराची, हें आधीं विचारूं नये; काय बसवावयाचें आहे, हें विचारावें. शिंगल मऊ असते. तिला आखूड, पण सुमारें ३/८ इंच रुंद डोक्याचा खिळा लागतो. छपराच्या बंदुकींत असे सुमारें १२० खिळे तारेनें गुंफलेल्या गुंडाळींत बसतात. एका शिंगलला बहुधा चार खिळे, वादळी प्रदेशांत सहा. खिळ्याचें डोकें पृष्ठभागाशीं सपाट टेकलें पाहिजे. तें खोल रुतलें तर शिंगल फाटते व वारा ती उचलतो. वर राहिलें तर वरच्या शिंगलला भोंक पाडतें. दोन्हीकडून पाणी घरांतच येतें. यासाठीं खिळ्याची खोली कमीअधिक करण्याची सोय बंदुकीला आहे ना, हें प्रथम पाहावें.

साइडिंगच्या बंदुकीचे खिळे अधिक लांब व लहान डोक्याचे. ते शिंगल धरून ठेवूं शकत नाहींत. भिंतीवर व्हिनाइल असेल, तर खिळा घट्ट ठोकावयाचाच नसतो. उन्हानें तें प्लास्टिक लांबतें, थंडीनें आखडतें. म्हणून लांबट भोंकाच्या मध्यभागीं खिळा मारून डोक्याखालीं सुमारें १/३२ इंच जागा मोकळी ठेवतात. तेथें खास जोड लावलेली बंदूक हवी, नाहीं तर आपला हातोडाच बरा. सांगाडा जोडण्याची मोठी बंदूक मात्र या दोन्ही कामांना नको.

आतां चापाविषयीं. एका प्रकारांत चाप दाबून धरला कीं तोंड जेथें टेकेल तेथें खिळा सुटतो. मग तें छप्पर असो कीं स्वतःची मांडी. दुसऱ्यांत प्रत्येक खिळ्याला आधीं तोंड टेकवून मग चाप नव्यानें दाबावा लागतो. पहिल्यानें काम झपाट्यानें होतें, पण इजेचा धोका दुसऱ्याच्या सुमारें दुप्पट असल्याचें अभ्यासांत आढळलें आहे. २००१ ते २००५ या काळांत अमेरिकेंतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत अशा बंदुकांनीं जखमी झालेले सुमारें ३७,००० लोक दरवर्षीं येत. २०११ सालच्या तेथील सरकारी मार्गदर्शिकेनेंही दुसऱ्याच चापाची शिफारस केली आहे.

डोळ्यांवर चष्मा असावा, आणि अडकलेला खिळा काढण्यापूर्वीं हवेची नळी सोडवावी. छप्पर आज पुरें झालें नाहीं तर उद्यां होईल. गेलेला डोळा कांहीं परत येत नाहीं.