सनदेची शहानिशा

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे गाव जैन भाविकांना तेथील मल्लिनाथ भगवानांच्या मंदिरामुळे आणि व्यापाऱ्यांना भोवतालच्या हळदीमुळे परिचित आहे. संगणकशास्त्राच्या एखाद्या प्रश्नाच्या संदर्भात त्याचा उल्लेख व्हावा, असे वरवर पाहता काही कारण दिसत नाही. परंतु सातबाऱ्यापासून पीकविम्यापर्यंतचा सारा व्यवहार जेथे संगणकाच्या पडद्यावर येऊन ठेपला आहे, तेथील एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने घरातल्या विंडोज प्रणालीच्या जुन्या लॅपटॉपवर रूबी ही संगणकभाषा बसवून, हळदीचे रोजचे भाव संकेतस्थळावरून आपोआप उतरवून घेणारा छोटासा प्रोग्राम लिहावयाचे मनात आणले, तर त्यात नवल नाही. आणि तो प्रोग्राम संकेतस्थळाच्या दारातच अडून ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ एवढा शेरा मारून थांबला, तर त्यातही नवल नाही. नवल पुढेच आहे. तेच संकेतस्थळ, त्याच लॅपटॉपवर, त्याच क्षणी ब्राउझरमध्ये विनातक्रार उघडते. एकाच यंत्रावरील दोन प्रोग्रामांपैकी एकाने ज्याला खरे मानावे त्याचीच दुसऱ्याने ओळख नाकारावी, याचा उलगडा करताना विश्वास नावाच्या गोष्टीची संगणकाने काय व्यवस्था लावली आहे, हे पाहावे लागते.

दोन अपरिचितांना उघड्या मार्गावरून गुप्त संभाषण कसे करता येईल, याचे गणिती उत्तर व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली दिले. त्या उत्तरातून लगेच दुसरा प्रश्न उद्भवला, आणि तो पहिल्याहून अवघड होता: ज्याच्याशी आपण गुप्तपणे बोलत आहोत, तो आपण समजतो तोच आहे कशावरून? १९७८ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधात असे सुचवले, की ज्याच्यावर सर्वांचा विश्वास आहे अशा तिऱ्हाइताने प्रत्येकाचे नाव आणि त्याची सार्वजनिक किल्ली एका पत्रावर लिहून त्यावर आपली डिजिटल स्वाक्षरी करावी. आज ज्याला आपण सर्टिफिकेट म्हणतो ते हेच. अशा सर्टिफिकेटांवर आधारलेली एसएसएल ही पद्धत नेटस्केप कंपनीने १९९५ साली प्रचारात आणली, १९९९ पासून तिच्या सुधारित रूपाला टीएलएस असे नाव मिळाले. पण जुने नाव लोकांच्या जिभेवरून गेले नाही.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या अमदानीतील कचेरीचे चित्र येथे उपयोगी पडेल. एखादा अपरिचित इसम सनद घेऊन कचेरीत आला, तर शिरस्तेदार त्या इसमाच्या चेहऱ्याकडे नव्हे, सनदेवरील शिक्क्याकडे पाहणार. तो शिक्का आपल्या दप्तरातील नमुन्याशी ताडून पाहणार. सनद खालच्या अंमलदाराची असेल तर त्या अंमलदारास अधिकार देणारी वरिष्ठाची सनद मागणार. आणि अशा रीतीने एकेक पायरी चढत, ज्याच्या वर कोणी नाही अशा शिक्क्यापाशी पोहोचणार. त्या सर्वोच्च शिक्क्याची साक्ष देणारा कोणी नसतो. तो खरा, कारण त्याचा नमुना दप्तरात आधीपासून आहे. संगणकातही नेमके हेच घडते: संकेतस्थळाचे सर्टिफिकेट, त्याच्यावर स्वाक्षरी करणाऱ्या मधल्या संस्थेचे सर्टिफिकेट, आणि सर्वांत वर स्वतःच स्वतःवर स्वाक्षरी केलेले मूळ सर्टिफिकेट. या मूळ सर्टिफिकेटांची यादी ज्याच्यापाशी आहे, त्यालाच शहानिशा करता येते. आता दप्तरच रिकामे असेल, तर अस्सल सनदही नामंजूर होणार, आणि त्यात शिरस्तेदाराचा काही दोष नसणार.

विंडोजवरील रूबीची अवस्था बराच काळ या रिकाम्या दप्तराच्या शिरस्तेदारासारखी होती. विंडोजपाशी मूळ सर्टिफिकेटांचे स्वतःचे भांडार असते आणि मायक्रोसॉफ्ट ते वेळोवेळी अद्ययावत करते. परंतु रूबी शहानिशेचे काम ओपनएसएसएल नावाच्या लायब्ररीवर सोपवते, आणि ती लायब्ररी युनिक्सच्या परंपरेत वाढलेली असल्यामुळे विंडोजच्या भांडाराकडे आपण होऊन न पाहता डिस्कवरील एका ठरावीक जागी एक साधी मजकुराची फाइल शोधते. लिनक्सवर ती फाइल त्या प्रणालीचे वितरकच ठेवतात. विंडोजवर मात्र जुन्या रूबी आवृत्त्यांत त्या जागेचा जो पत्ता कोरलेला होता, तो पुष्कळदा ज्या यंत्रावर ती लायब्ररी घडवली गेली त्या यंत्रावरचा होता. शिरड शहापुरातील लॅपटॉपवर तसे फोल्डर असण्याचा संभव नव्हता. रूबीला ‘ओपनएसएसएल’मधील ‘डीफॉल्ट सर्ट फाइल’ या स्थिरांकाची किंमत विचारली, म्हणजे ती कोठे शोधते आहे हे कळते, आणि तेथे फाइल नाही हे पाहिले की अर्धे निदान संपले.

उपाय त्यामुळे सरळ आहे: दप्तर भरून द्यावयाचे. २०१७ पासूनच्या, म्हणजे रूबी २.४ आणि पुढील आवृत्त्यांसाठीच्या विंडोज इन्स्टॉलरमध्ये ही यादी सोबतच येते, तेव्हा नवी आवृत्ती बसवणे हा उत्तम मार्ग होय. ते शक्य नसेल, तर फायरफॉक्स ब्राउझरची कर्ती मोझिला संस्था जी यादी काळजीपूर्वक सांभाळते, तिचीच एका फाइलीत बांधलेली प्रत कर्ल या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर मिळते. ती ब्राउझरने उतरवून घ्यावी आणि ‘एसएसएल सर्ट फाइल’ या नावाच्या पर्यावरण-चलात, शब्दांमध्ये अधोरेषा देऊन, तिचा पत्ता लिहावा. रूबीच्या ‘जेम’ या साधनाच्या बाबतीत एक गमतीदार पेच पूर्वी पडत असे. नवी मूळ सर्टिफिकेटे ज्या सुधारित आवृत्तीत होती, ती आवृत्ती ज्या संकेतस्थळावरून आणावयाची त्याच्यावरच जुन्या आवृत्तीचा विश्वास नव्हता. म्हणजे किल्ली कुलपाच्या आतच राहिली. अशा वेळी सुधारणेची फाइल ब्राउझरने हाती आणून स्थानिक फाइल म्हणून बसवावी लागे.

तथापि हा उपाय करण्याऐवजी पुष्कळ जण दुसराच करतात, आणि त्याविषयी सौम्यपणे लिहिणे मला शक्य नाही. प्रोग्राममध्ये ‘व्हेरिफाय नन’ ही एक सूचना लिहिली, की त्रुटी तत्काळ नाहीशी होते. म्हणजे शिरस्तेदाराला रजेवर पाठवले, की कचेरीत येणारा प्रत्येक जण सनदशीर ठरतो. संभाषण तेव्हाही गुप्त राहते, एवढे खरे. पण कोणाशी, हे कोणीच तपासलेले नसते, आणि चोराच्या कानात कुजबुजलेले गुपित कितीही हळू कुजबुजले तरी चोरालाच कळते. ‘चाचणीपुरते’ म्हणून लिहिलेली ही ओळ पुढे कायमची राहते, हा या धंद्यातील सर्वांचा अनुभव आहे.

असा तोतया सर्टिफिकेट घेऊन खरोखर येतो काय, असे विचारणाऱ्यास आपल्याच देशातील उदाहरण देता येते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० अन्वये आपल्याकडे प्रमाणन प्राधिकाऱ्यांचे नियंत्रक हे पद निर्माण झाले, आणि त्यांचे मूळ सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या भांडारात समाविष्ट होते. जुलै २०१४ मध्ये असे उघडकीस आले, की या मुळाच्या अधिकाराखालील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, मधल्या सर्टिफिकेटांवरून गूगलच्या अनेक नावांसाठी गूगलच्या परवानगीवाचून सर्टिफिकेटे दिली गेली आहेत. गूगलला २ जुलै रोजी ही गोष्ट समजली. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी एनआयसीची ती मधली सर्टिफिकेटे रद्द केली. एनआयसीच्या सर्टिफिकेट देण्याच्या प्रक्रियेतच कोणी शिरकाव केला होता, असे चौकशीत सांगण्यात आले. नियंत्रकांनी गूगलची तीन आणि याहूचे एक अशी चार खोटी सर्टिफिकेटे असल्याचे कळवले, पण या चाराबाहेरचीही आपल्याला ठाऊक आहेत असे गूगलने जाहीर केले. १० जुलैला मायक्रोसॉफ्टने ती सर्टिफिकेटे अविश्वसनीय ठरवली. विंडोजच्या भांडारावर विसंबणाऱ्या प्रोग्रामांना मधल्या काळात धोका होता. फायरफॉक्सला नव्हता, कारण त्याची यादी स्वतंत्र होती आणि भारताचे मूळ सर्टिफिकेट तीत नव्हते.

याचा अर्थ असा, की रूबीने विंडोजच्या दप्तरावर न विसंबता वेगळे दप्तर बाळगावे ही जी गोष्ट शिरड शहापूरच्या त्या विद्यार्थ्याला केवळ उपद्रव वाटते, तिनेच २०१४ मध्ये मोझिलाची यादी वापरणाऱ्या रूबी-प्रोग्रामाला वाचवले असते. स्वतंत्र साक्षीचे मूल्य याच तालुक्यातील लोकांना पुढे प्रत्यक्ष पाहावयास मिळेल: औंढ्याजवळ उभारावयाच्या ज्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, तिच्या अमेरिकेतील भगिनी-वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेली पहिली गुरुत्वीय लहर शास्त्रज्ञांनी खरी मानली, ती हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या हजारो किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उमटली म्हणून.

दप्तरे वेगळी असल्याचा अनुभव रूबीशी कसलाही संबंध नसलेल्या माणसालाही येतो. ई-आधार उतरवून घेऊन ॲडोबी रीडरमध्ये उघडले, की स्वाक्षरीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह पुष्कळदा दिसते, आणि सेवा केंद्रावर आलेला वृद्ध शेतकरी आपला कागद बनावट निघाला की काय, या शंकेने घाबरतो. कागद अस्सल असतो. ॲडोबीच्या यादीत त्या स्वाक्षरीचे मूळ नसते. केंद्रचालक स्वाक्षरी तपासून ते मूळ यादीत घालतो आणि हिरवी खूण उमटते.

आणखी काही कारणे थोडक्यात सांगितली पाहिजेत. लॅपटॉपच्या आतील बारीक बॅटरी संपून घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले असेल, तर प्रत्येक सर्टिफिकेट ‘अद्याप वैध नाही’ असे ठरते; हे प्रथम पाहावे. काही अँटिव्हायरस प्रोग्राम संभाषणाच्या मध्ये बसून स्वतःचे सर्टिफिकेट पुढे करतात आणि आपले मूळ विंडोजच्या भांडारात घालतात, म्हणून ब्राउझर समाधानी राहतो आणि रूबी अडते. कधी संकेतस्थळाचा चालकच मधले सर्टिफिकेट पाठवावयास विसरतो. ब्राउझर ते शोधून आणतो, रूबी आणत नाही. नव्या रूबीत त्रुटीच्या वाक्याच्या शेवटी कंसात नेमके कारण लिहिलेले असते, आणि बहुतेक जण तेवढेच वाचावयाचे सोडतात.

दप्तर एकदा भरले म्हणजे झाले, असेही नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही विनामूल्य सर्टिफिकेटे देणारी संस्था प्रारंभी ज्या जुन्या मुळाच्या आधाराने चालत होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली, आणि तिचे स्वतःचे, २०१५ साली जन्मलेले मूळ ज्यांच्या यादीत नव्हते त्यांच्यासाठी असंख्य संकेतस्थळे एका दिवसात बंद झाली. आपल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर त्याच्या थोरल्या भावाने २०१४ साली उतरवलेली यादी पडून असेल आणि पर्यावरण-चलात तिचाच पत्ता राहिला असेल, तर रूबीची आजची आवृत्ती बसवूनही तीच त्रुटी पुन्हा दिसेल. कारण ते चल सोबत आलेल्या नव्या यादीला मागे सारून जुनीच यादी पुढे करते. तेव्हा नवी रूबी बसवण्यापूर्वी ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ते चल पाहावे, आणि असल्यास काढून टाकावे.