ताप उतरला, तरी तीन महिने सांभाळा

जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात ५० वर्षांच्या एका महिलेला झिका झाल्याचे निदान झाले. महाराष्ट्रातील हा पहिला रुग्ण. ती बरी झाली. गावात मात्र डासांच्या अळ्या शोधण्याबरोबर निरोधही वाटले गेले. डासाच्या आजाराला निरोध कशाला? नेरळच्या वस्त्यांत बैठका घेताना आम्हालाही हाच प्रश्न विचारला जातो.

झिका मुख्यतः एडिस डासामुळे होतो. डेंग्यू, चिकनगुनिया देणाराही हाच डास. पण झिकाचा विषाणू ताप गेल्यावरही पुरुषाच्या वीर्यात काही आठवडे, कधी काही महिने राहू शकतो. म्हणून शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागतो. डेंग्यूची अशी उदाहरणे जगात अगदी मोजकी आहेत.

झिकाचा ताप सौम्य असतो. बहुतेकांना तर काहीच जाणवत नाही. खरा धोका पोटातल्या बाळाला. ब्राझीलमध्ये २०१५ च्या साथीनंतर लहान डोक्याची, मेंदूची वाढ खुंटलेली बाळे जन्मली. २०२४ मध्ये पुणे शहरात शंभराहून अधिक रुग्ण सापडले, त्यात अनेक गरोदर महिला होत्या. पुणे आपल्यापासून एका घाटापलीकडे आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते: झिका झालेल्या पुरुषाने तीन महिने, स्त्रीने दोन महिने निरोध वापरावा किंवा संबंध टाळावा. पत्नी गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. तोवर मूल होण्याचा विचारही पुढे ढकलावा.

आमच्या भगिनी म्हणतात, "ताई, हे नवऱ्याला सांगायचं कसं?" बंधूंनो, म्हणून तुम्हालाच सांगतो. बायकोने निरोध मागितला म्हणजे तिने तुमच्यावर संशय घेतला असे नाही. हा आजार डासाने दिलेला आहे, त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही. सासूबाईंनीही सुनेची बाजू घ्यावी. निरोध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतो. आशाताईंकडे मागायला लाजू नका.

ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, सांधेदुखी दिसली तर डॉक्टरांना दाखवा. गरोदर असाल तर ते आधी सांगा. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन घेऊ नका.

नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपल्याकडे पिंपे भरलेली असतात. ती झाकून ठेवा, आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा. हा डास दिवसा चावतो. गरोदर बाईने आणि बाळाने दुपारीही मच्छरदाणीतच झोपावे.