नाइट शिफ्ट, घरचीच!

रात्रीचे तीन. अख्खी सोसायटी गाढ झोपलेली आणि हिंजवडीत नोकरी करणारी माझी मैत्रीण दीड महिन्याच्या लेकीला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारतेय. नवराही जागाच. ‘भूक लागली असेल का गं?’ विचारत मागे मागे फिरतोय. सकाळी दोघंही अर्धमेले. एके दिवशी तर ऑफिसला निघालेल्या नवऱ्याचा सिग्नलवर, बाइकवर बसल्या बसल्याच डोळा लागला. मागच्याने हॉर्न मारला म्हणून बरं!

‘बाळ झोपलं की तूही झोप,’ असं प्रत्येक मावशी-काकू सांगते. ऐकायला सोप्पं! पण मग दुपटी धुवायची कोणी, बाळ बघायला आलेल्यांना चहा कोणी द्यायचा? पूर्वी बाळंतीण माहेरी सव्वा महिना आराम करायची. आता तिची आईच नोकरी करते, ती रजा काढणार तरी किती? २०१७च्या कायद्यातल्या बदलाने नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळाली. खासगी कंपनीतल्या बाबाला मात्र कंपनी देईल तेवढीच!

यात बाळाची काही चूक नाही. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांत. पोट एवढंसं, म्हणून दर दोन-तीन तासांनी भूक. दिवस कुठला नि रात्र कुठली, हे कळायलाच त्याला दोन-तीन महिने लागतात.

शेवटी या दोघांनी ऑफिसचाच फॉर्म्युला घरी आणला. शिफ्ट! रात्री नऊला पाजून ती झोपते, तेव्हापासून दोनपर्यंत ड्यूटी त्याची. मध्ये भूक लागली तर तो बाळाला तिच्याजवळ आणून देतो. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, थोपटणं त्याच्याकडे. दोननंतर ती जागी, तो दुसऱ्या खोलीत गुडुप. दोघांनी मिळून रात्रभर जागण्यापेक्षा प्रत्येकाला चार-पाच तास झोप मिळालेली बरी, एवढंच त्यामागचं गणित.

हेही लक्षात ठेवा

- पाहुण्यांना वेळ ठरवून द्या. कोणी ‘काही मदत हवी का?’ विचारलं, तर बिनधास्त डबा मागा.
- डोळे मिटत असतील, तर बाळाला घेऊन सोफ्यावर बसू नका. झोप लागली तर ते बाळासाठी धोक्याचं ठरतं. त्याला त्याच्या जागी, पाठीवरच झोपवा.
- जागरणाने डोळे चुरचुरत असतील, तर बाइक घरी ठेवा. बस किंवा रिक्षाने जा.
- बाळ झोपलं तरी झोप येत नाही, सारखं रडू येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर त्याला थकवा म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांशी बोला. सरकारच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही आहे.

परवा मैत्रिणीला फोन केला. ‘काय गं, कशी आहेस?’

‘काल सलग साडेचार तास झोपले!’ ती म्हणाली. प्रमोशन मिळाल्याच्या थाटात!