कुंडीतील रंगीत पानांच्या वनस्पती

फुलांऐवजी पानांच्या रंगांसाठी कुंड्यांत वाढविल्या जाणाऱ्या शोभिवंत वनस्पती. क्रोटन, कोलियस, कॅलॅडियम, अग्लोनेमा, कॉर्डिलीन, ड्रॅसीना, अकॅलिफा, ट्रॅडेस्कँशिया आणि बिगोनियाच्या काही जाती ह्यांचा त्यांत प्रामुख्याने समावेश होतो. फुलांचा बहर काही आठवडेच टिकतो; उलट ह्यांपैकी बहुतेकांची शोभा वर्षभर राहते. त्यामुळे घराचा सज्जा, गच्ची, जिना व कचेऱ्यांची दालने ह्यांच्या सजावटीसाठी त्यांना मोठी मागणी असते. तथापि विकत आणलेल्या झाडाचा रंग काही महिन्यांतच उतरतो, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. तिचे मूळ रोपवाटिकेत क्वचितच असते. पानात रंग कसा निर्माण होतो, ह्यातच ते बहुधा सापडते.

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे येतो. लाल व जांभळा रंग बहुधा अँथोसायनीन ह्या रंगद्रव्याचा असतो. ते कोशिकांतील (पेशींतील) रसात विरघळलेले असून त्याच्या आवरणाखाली हरितद्रव्य झाकले जाते. आंबा, पिंपळ व कोशिंब ह्यांच्या कोवळ्या पालवीची तांबूस छटा ह्याच द्रव्याची, पण ती अल्पकाळ टिकते. माठाच्या कुलातील वनस्पतींत अँथोसायनिनाऐवजी बीटालेन गटातील रंगद्रव्ये असतात. तांबडा माठ शिजविताना पाणी रंगते, ते त्यांच्यामुळेच. शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या आयरेसीन व अल्टर्नँथेरा ह्यांचा लाल रंगही त्यांचाच. कोलियससारख्या वनस्पतींत अँथोसायनीन तयार होण्यास भरपूर उजेड लागतो. अंधाऱ्या खोलीत नवी पाने हिरवट येऊ लागतात, ते ह्यामुळे.

पांढऱ्या भागाची गोष्ट निराळी आहे. तेथे हरितद्रव्यच नसते, म्हणून तो भाग अन्न तयार करीत नाही. अशी झाडे सावकाश वाढतात आणि कडक उन्हात त्यांची पाने करपतात. फार कमी उजेडातही ती तग धरत नाहीत. रुपेरी ठिपके तिसऱ्या प्रकारचे होत. पायलिया व काही बिगोनियांत अपित्वचेखाली हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात व त्यांवरून प्रकाश परावर्तित होतो. खालचे हरितद्रव्य शाबूत राहत असल्याने ह्या वनस्पती सावलीतही रंग टिकवितात. वनस्पतीची जागा ठरविताना ह्या तीन प्रकारांतील भेद जाणणे हे नावाच्या चिठ्ठीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

पट्टेरी पानांच्या कित्येक वनस्पतींत एकाच झाडात आनुवंशिक दृष्ट्या भिन्न ऊतकांचे थर एकत्र नांदत असतात. अशा वनस्पतीस कायमेरा म्हणतात. पिवळ्या कडांचा सान्सेव्हिएरिया (आता ड्रॅसीना वंशात समाविष्ट) हे ह्याचे उत्तम उदाहरण. त्याच्या पानाचे तुकडे लावल्यास त्यांपासून रोपे येतात, पण पिवळी कडा नाहीशी होते; ती हवी असल्यास मुळांसह गड्डा विभागूनच लागवड करावी लागते. अशा झाडाला कधी कधी निव्वळ हिरवा फुटवा येतो. तो जोमाने वाढून इतर भागांना मागे टाकतो, म्हणून दिसताच मुळापासून कापावा.

ह्यांपैकी बहुतेक वनस्पती उष्ण कटिबंधातील आहेत. क्रोटनचे मूळस्थान मोलकाज बेटांच्या परिसरात असून त्याचे शास्त्रीय नाव कोडियम व्हेरिगेटम असे आहे. जमालगोटा ज्या क्रोटन वंशात मोडतो, तो वेगळा. कॅलॅडियम दक्षिण अमेरिकेतून, तर बिगोनिया रेक्स ही जाती आसामातून यूरोपात गेली. तिचे शास्त्रीय वर्णन १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. लंडनमधील वैद्य नाथॅनिएल वॉर्ड ह्यांनी बंद काचपेटीत वनस्पती दीर्घकाळ जगतात हे दाखवून दिले व १८३३ मध्ये अशा पेट्या सिडनीस पाठविल्या. त्यानंतर समुद्रमार्गे जिवंत रोपे नेणे पुष्कळ सुकर झाले.

संयोजन : एका कुंडीत दोन-तीन वनस्पती लावताना रंगांच्या जुळणीला पहिला मान देण्याची चूक सर्रास होते. प्रकाश व पाणी ह्यांची गरज समान असेल, तरच झाडे एकत्र नांदतात. रंगाचा विचार त्यानंतरचा. कॅलॅडियमची लाल-पांढरी पाने सान्सेव्हिएरियाच्या उभ्या पात्यांशेजारी मोहक दिसतात खरी, पण पहिल्याला सतत ओल लागते व दुसऱ्याचे मूळ त्या ओलीने कुजते. भरपूर उजेड असलेल्या सज्ज्यात गर्द किरमिजी कोलियसभोवती पोपटी पानांचे शोभेचे रताळे कडेवरून खाली सोडता येते. उन्हाच्या जागी क्रोटनखाली जांभळी ट्रॅडेस्कँशिया चांगली वाढते. मंद प्रकाशात रुपेरी-हिरवा अग्लोनेमा व नेचे ह्यांची जोडी भरवशाची. लाल छटांच्या अग्लोनेमांना मात्र थेट ऊन नसले, तरी अधिक उजेड हवा.

शेजारचा रंग बदलला की मूळ रंगही वेगळा भासतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शव्ह्रल ह्यांनी १८३९ मधील आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले व बागेतील रंगयोजनेलाही लागू केले. हिरव्यालगत लाल अधिक प्रखर वाटतो, तो ह्याच तत्त्वानुसार. गडद जांभळी पाने काळपट भिंतीपुढे दुरून दिसतच नाहीत. तेथे पांढरी वा पिवळी छटा हवी. एका कुंडीत तीनचार पट्टेरी जाती कोंबल्यास नजर कोठेच ठरत नाही. एक रंगीत झाड व भोवती साधी हिरवळ, ही जुनी रीतच बहुधा सरस ठरते.

जोपासना : महाराष्ट्रातील काळी माती ओलीने फुगते व वाळल्यावर भेगाळते, म्हणून कुंडीस ती एकटी योग्य नाही. दोन भाग तांबडी माती वा पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू अथवा नारळाच्या काथ्याचा भुसा हे मिश्रण चालते. तळाशी खडीचा जाड थर देण्याची पद्धत रूढ असली, तरी तिने निचरा सुधारत नाही. मुळांना मिळणारी मातीच कमी होते. भोकावर खापराचा तुकडा पुरे. कोलियसचे शेंडे खुडावेत व फुलांचे तुरे काढून टाकावेत. नत्रयुक्त खत बेताने द्यावे. क्रोटन व ड्रॅसीनाची अभिवृद्धी पावसाळ्यात गुटी कलमाने करतात. कॅलॅडियमचा कंद हिवाळ्यात सुप्त राहून पाने झडतात. त्याला मोठ्या कुंडीत स्वतःच्या लहान कुंडीसह पुरले, तर ती उचलून कोरड्या जागी ठेवता येते व रिकामी जागा दुसऱ्या रोपाने भरता येते. पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या सौम्य पाण्याने पाने दोन्ही बाजूंनी धुवावीत.

डिफेनबेकिया, कॅलॅडियम व अग्लोनेमा ह्यांच्या ऊतकांत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते व सूज येते. क्रोटनच्या चिकानेही त्वचेला दाह होऊ शकतो. घरात लहान मुले वा पाळीव जनावरे असल्यास ह्या कुंड्या त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात. कुंडीखालच्या ताटलीतील साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरविणारे एडीस डास अंडी घालतात. ती ताटली आठवड्यातून किमान एकदा रिकामी करून घासावी लागते.