सर्व्हरची देखभाल, भाग ६ : मधूनच तुटणारं नेट

नेटवर्क पूर्ण बंद पडलेलं परवडतं, दोष सापडेपर्यंत ते बंदच असतं. छळतं ते दिवसातून चार वेळा मिनिटभर तुटून आपोआप जोडलं जाणारं. तपासायला माणूस येतो तेव्हा सगळं सुरळीत असतं. ‘आता तर चालू आहे की,’ म्हणून तो परत जातो आणि तासाभरात काउंटरवर पुन्हा तेच उत्तर : सर्व्हर डाऊन आहे. सातबाऱ्यासाठी नाहीतर रेशनसाठी रांगेत उभं राहिलेल्यांना हे उत्तर पाठ असतं. बऱ्याचदा बिचारा सर्व्हर ठणठणीत असतो, बिघाड वाटेत असतो.

समजा, संग्रामपुरातल्या एखाद्या पतसंस्थेत लिनक्सचा सर्व्हर आहे आणि सगळे काउंटर त्यावर चालतात. तक्रार आली की पहिला मोह रीस्टार्टचा. तो आवरा. रीस्टार्टने नेटवर्क कार्डावरचे एररचे आकडे शून्यावर येतात, एआरपीची यादी पुसली जाते. म्हणजे चोर पळाला आणि ठसेही आपणच पुसले.

आधी बिघाडाची वेळ पकडा. ‘पिंग’ हा प्रोग्रॅम माईक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, तोच मुळी अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतलं नेटवर्क असं विचित्र वागत होतं म्हणून. सर्व्हरवरून एकाच वेळी तीन पिंग चालू ठेवा : एक ऑफिसातल्या प्रिंटरला, दुसरा राउटरला, तिसरा बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. ‘मायनस कॅपिटल डी’ लावलं की प्रत्येक ओळीवर वेळ छापली जाते. ती १९७० पासूनच्या सेकंदांत येते, तेव्हा ‘डेट’ कमांडने घड्याळाची वेळ काढून घ्या. तिन्ही पिंग तीन फायलींत साठवा.

फक्त तिसरा थांबला तर दोष राउटरच्या पलीकडे आहे. तिथे आपण तक्रार नोंदवण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही.

तिन्ही एकदम थांबले तर मात्र काम घरातलंच. ‘डीमेसेज’मध्ये ‘लिंक डाऊन’, ‘लिंक अप’ अशा जोड्या दिसतात का पाहा आणि त्या वेळा लाइट गेल्या-आल्याच्या वेळांशी ताडून बघा. सर्व्हर यूपीएसवर असतो, पण स्विचचा अडॅप्टर भिंतीवरच्या साध्या बोर्डात खुपसलेला असतो. पावसाळी वाऱ्यात लाइट क्षणभर झपकते. सर्व्हरला पत्ताही लागत नाही, स्विच मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. स्विच मॅनेज्ड प्रकारचा असेल आणि त्यात जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री चालू असेल, तर सुरू झाल्यावरही पोर्ट १५ अधिक १५ असे ३० सेकंद डेटा सोडत नाही. दिवे लागलेले, वायर घट्ट, तरी नेट नाही! स्विच यूपीएसवर घ्या आणि सर्व्हरच्या पोर्टला ‘पोर्टफास्ट’ द्या. महागडा नवा सर्व्हर घेण्याआधी एवढं तरी नक्की करावं.

लिंक पडल्याची नोंदच नसेल तर संशय दुहेरी आयपीवर. कोणीतरी नवा प्रिंटर आणतो आणि त्याला हाताने नेमका सर्व्हरचाच पत्ता देतो. प्रिंटर बंद असेपर्यंत सगळं छान चालतं. तो सुरू झाला की काही काउंटरचा डेटा सर्व्हरकडे जातो, काहींचा प्रिंटरकडे, आणि तुटणारे काउंटर दर वेळी वेगळे असतात. दुसऱ्या लिनक्स मशीनवरून सर्व्हरच्या पत्त्याला ‘एआरपिंग’ करा. उत्तरात दोन वेगवेगळे मॅक पत्ते आले की दुसरा गुन्हेगार सापडला.

‘इथटूल’ने स्पीडही पाहून घ्या. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. गिगाबिटची लाइन अधूनमधून १०० वर उतरत असेल तर एखाद्या जोडीवर किंवा आरजे-४५ च्या क्रिंपिंगवर संशय घ्या. केबल बदला. ती दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

‘एमटीआर’ वापरणाऱ्यांना एक सूचना : मधल्याच एखाद्या टप्प्यावर लॉस दिसला आणि शेवटच्या टप्प्यावर शून्य असला, तर तो लॉस सोडून द्या. अनेक राउटर स्वतःला आलेल्या चौकशांना मुद्दामच कमी उत्तरं देतात. हा आकडा दाखवून कंपनीशी भांडलात तर हराल.

छोटी पानं उघडतात पण मोठी फाइल अडकते, हा एमटीयूचा विषय पुढच्या आठवड्यात. तोवर तीन पिंगच्या फायली चालू ठेवा आणि लाइट कधी गेली ते काउंटरवरच्या वहीत लिहीत जा.