हातांची सालं निघतात, त्यावर काय करायचं?



यांत्रिकी होड्यांची बंदी ३१ जुलैला संपते. जाळी शिवून झाली, इंजिनं तपासून झाली. पण गेल्या पंधरवड्यात कार्यालयात जो येतो त्याचे हात बघून आम्हाला हे लिहावंसं वाटलं. बोटांच्या टोकांची सालं निघालेली, तळव्याला भेगा. एका ताईंचा तर अंगठ्याचा ठसाच मशीनवर उमटेना, दोन खेपा फुकट गेल्या.

विचारलं की उत्तर ठरलेलं, "उष्णता झाली" नाहीतर "व्हिटॅमिन कमी पडलं." कधी तसंही असेल. काही तरुण पोरांची दर उन्हाळ्यात घामाने तळव्याची पातळ सालं निघतात, खाज नाही, दुखणं नाही, आपोआप थांबतं. त्याची काळजी नको. पण आपल्या धंद्यात बहुतेकांचं कारण हातातच असतं.

लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यात आपण कापूस भरतो, वरून राळ किंवा तेल लावतो. कातडीचंही तसंच. वरचा थर म्हणजे फळ्या, आणि त्यांच्यामधलं अंगचं तेल म्हणजे ती भरणी. हात तासन् तास पाण्यात राहिले की कातडी फुगते, भरणी धुऊन जाते. मग वाऱ्यावर सुकताना थर आखडतो, फाटतो आणि सालं निघतात. खारट पाणीच लागतं असं नाही. डिचोलीकडे नदीत, मानशीवर काम करणाऱ्यांचे हातही असेच होतात. खरा त्रास पुन्हा पुन्हा भिजण्या-सुकण्याचा. मीठ आणि बर्फ त्यात भर घालतात.

सुंगटं सोलणाऱ्या बायकांचे हात जास्त का जळतात, तेही ऐका. सुंगटाच्या डोक्यात जो पाचक रस असतो, तो मांस विरघळवणारा असतो. त्याला तुमचं मांस आणि सुंगटाचं मांस यातला फरक कळत नाही! म्हणून सोलता सोलता मधूनमधून हात गोड्या पाण्याने धुवावेत, ते पाणी हातावर सुकू देऊ नये.

आणि आता जुलैमधलं कारण. फायबरच्या होड्यांची डागडुजी. रेझिनमध्ये जो हार्डनर मिसळतो तो कातडी भाजतो, काचेचे बारीक तंतू टोचतात, आणि शेवटी हात साफ करायला थिनर, नाहीतर डिझेल. डिझेलने ग्रीस निघतं, बरोबर अंगचं तेलही निघतं. पात्रांवांनो, कामगारांना रेझिनच्या कामासाठी चांगले हातमोजे द्या, फाटले की बदला. हाताला लागलंच तर थिनर न वापरता आधी फडक्याने पुसून घ्या, मग साबणाने धुवा. हार्डनर लागला असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

उपाय महाग नाही, नेम हवा. धक्क्यावरून आल्यावर हात गोड्या पाण्याने आणि साध्या साबणाने धुवायचे. कपड्यांची पावडर किंवा ब्लीचिंग पावडर हाताला नको. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. मग हात थोडे ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावायचं. आपल्याकडे कोकमाचं तेल आहेच, कुणी भिरंडेल म्हणतं, कुणी मुठेल. भेगांना ते आजी लावायची ते उगाच नव्हे. रात्री जाड थर लावून जुने सुती मोजे हातात घालून झोपा. बायका हसतील, हसू द्या. दिवसा मात्र दोरी ओढायच्या आधी तेल लावू नका, हात सटकेल.

रबरी हातमोज्यांच्या आत पातळ सुती मोजे घाला, नाहीतर आत घाम साचून हात तसाच भिजतो. विंचजवळ सैल हातमोजे घालू नका. मोज्याबरोबर बोट जाईल. निघालेली सालं दाताने किंवा ब्लेडने ओढू नका.

नवी कातडी धरायला साधारण महिना लागतो, तेव्हा आठ दिवसांत सोडून देऊ नका. तोवर ठसा उमटत नसेल तर बुबुळावरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीवरून ओळख पटवायची सोय आधारमध्ये आहे. तिथे तसं विचारा.

आता ज्याच्यामुळे आम्हाला खरी काळजी वाटते ते. आमच्या एका सभासदाने फार्मसीतून "खाजेचं मलम" आणलं. चार दिवस छान वाटलं, मग बंद केल्यावर दुप्पट. पुन्हा मलम. असं सहा महिने. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा नायटा आहे आणि मलमात स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडने खाज दबते, बुरशी मात्र पसरत राहते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, तरी ती मिळतात. डॉक्टरांनी दिलं तर जरूर लावा, पण त्यांनी सांगितले तितकेच दिवस. नायटा ओळखायची एक खूण सांगतो. एकाच हाताची सालं निघतात, तळव्याच्या रेषांत पिठासारखं पांढरं दिसतं, आणि दोन्ही पायांच्या बोटांत किंवा तळव्यांना खाज आहे, तर आधी पाय दाखवा. हात पायांनीच बिघडवलेला असतो.

भेगा पडलेला हात म्हणजे उघडं दार. त्यात शिंगाळ्याचा काटा किंवा सुंगटाचं टोक लागलं आणि एक-दोन दिवसांत बोट जांभळट-लाल होऊन ठणकू लागलं, तर घरी हळद लावत बसू नका. माशांवरच्या जंतूंनी असं होतं, आणि वेळेत औषध घेतलं तर बरं होतं. मधुमेह आहे, लिव्हर खराब आहे, रोजचं पिणं आहे, अशांनी तर त्याच दिवशी जायचं. कोमट खाऱ्या पाण्यातला एक जंतू अशा माणसाच्या रक्तात शिरला तर एक-दोन दिवसांत जीवावर बेततं. हात सुजून लाली मनगटाकडे चढते, काळसर फोड येतात, ताप-थंडी भरते, अशा वेळी थेट म्हापशाचं जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळी. डॉक्टरांना "मी मासेमारी करतो, काटा लागला" हे आधी सांगा, औषध त्यावरून बदलतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं तेही आठवून ठेवा.

सालं निघालेल्या जागी स्पर्श कळत नसेल, नखं जाड होऊन पिवळी पडत असतील, किंवा महिनाभर वरचं सगळं करूनही फरक नसेल, तर पेडणे किंवा डिचोलीच्या सामाजिक आरोग्य केंद्रात दाखवा.

सुती आतले मोजे एकत्र मागवले तर स्वस्त पडतील. ज्यांना हवेत त्यांनी माप आणि जोड्यांची संख्या कार्यालयात नोंदवावी. सुंगटं सोलणाऱ्या भगिनींनी आधी.