जिन्याचं वायरिंग

लाकडी फळीवर दोन स्विच, मधे होल्डर, त्यात बल्ब. एक स्विच जिन्याखालचा समजायचा, दुसरा वरचा. खाली लावलेला दिवा वर जाऊन विझवता आला पाहिजे. लोहा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववीच्या मुली त्या फळीभोवती बसल्या होत्या आणि दिवा काही त्यांचं ऐकत नव्हता.

"सर, एकदा लागतंय, मग लागंना."

निदेशकांनी फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. "चारातून किती वेळा लागतंय?"

दोन स्विच, प्रत्येकाच्या दोन स्थिती, म्हणजे चार शक्यता. मुलींनी वहीत चार ओळी ओढल्या. वर-वर, वर-खाली, खाली-वर, खाली-खाली. एकीनं बटणं दाबायची, दुसरीनं लिहायचं. दिवा एकाच ओळीत लागला. "दोन ओळींत लागाय पाहिजे," एवढंच बोलून निदेशक पलीकडे पाइप कापणाऱ्या मुलांकडे गेले. तिथे कोणी तरी करवत उलटी लावली होती.

टू-वे स्विचला तीन स्क्रू असतात. त्यातला एक कॉमन. फेज एका स्विचच्या कॉमनला द्यायची, होल्डरची तार दुसऱ्याच्या कॉमनवरून न्यायची, आणि उरलेले दोन-दोन स्क्रू एकमेकांना जोडायचे. एका स्विचवर कॉमन चुकला की चारापैकी एकाच स्थितीत दिवा लागतो. म्हणजे चूक कुठल्या जातीची आहे, हे त्या चार ओळीच सांगून जातात. हे मुलींना कोणी सांगितलं नाही. त्यांनी प्लग काढला, एक एक तार बोटानं धरून मागं मागं नेली, आणि पहिल्या स्विचवर येऊन थांबल्या. अदलाबदल केली, पुन्हा चारही ओळी तपासल्या. सगळी फळी सिरीज बोर्डवर, म्हणजे आणखी एका बल्बमधून आलेल्या विजेवर होती, त्यामुळे बल्ब मंदच पेटला. कुठं शॉर्ट झालाच तर बोर्डावरचा बल्ब भगभगून जळतो आणि मेन फ्यूज वाचतो. या साध्या व्यवस्थेमुळे शाळेला मुलांना चुकू देणं परवडतं.

हातानं करत शिकण्याच्या या पद्धतीचं मूळ पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. घेतलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात वरच्या पदावर पोचलेले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे घडलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय पुढे शालान्त मंडळानं मान्य केला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग. आठवड्यातला ठरलेला वेळ हातानं काम करायचं आणि जमलं तर गावाच्या उपयोगाचं करायचं. शिकवणारा गावातला, हातात कसब असलेला माणूस असावा, हा कलबागांचा आग्रह मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. बी.एड. झालेला माणूस दिवा का लागत नाही ते लगेच समजावून सांगतो. वायरमन गप्प राहू शकतो.

आता याच्या शेजारी लातूर-नांदेडकडचं दुसरं शिक्षण ठेवून पाहा. १९७० मध्ये लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय निघालं. त्याचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जादा तास, सराव परीक्षा, चुका दाखवून पुन्हा परीक्षा, यातून 'लातूर पॅटर्न' उभा राहिला. त्याची टिंगल करणं पुण्या-मुंबईकडच्या लोकांना सोपं जातं. कोरडवाहू शेतकऱ्याचं पोर वैद्यकीयला लागतं ते याच पॅटर्नवर, आणि ती लहान गोष्ट नाही. पण आज लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी सायकलींच्या गर्दीतून चालताना डोक्यात एकच हिशेब फिरत राहतो: नीटला १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास, आणि प्रात्यक्षिक शून्य. बारावीच्या भौतिकशास्त्राला प्रात्यक्षिकाचे ३० गुण आहेत खरे, पण जर्नल कसं 'पूर्ण' होतं ते कोणाला वेगळं सांगायला नको.

नीती आयोगानं २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. काही ठिकाणी या लॅबची किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये असते आणि थ्रीडी प्रिंटरवरचं प्लॅस्टिक फक्त पाहुणे आले की निघतं. औसा तालुक्यातल्या एका शाळेत मात्र वेगळं पाहायला मिळालं. मुलांनी आर्डुइनोला मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर जोडला होता. आकडा ० ते १०२३ मध्ये येतो. या सेन्सरवर माती कोरडी तितका आकडा मोठा. प्रोग्राम तयारच मिळाला होता, त्यामुळे वर्गात कुंडीवर तो झकास चालला. शेतात गेल्यावर बिघडला. शेजारी हात घातला तर माती ओली, आणि आकडा मात्र हजाराच्या घरात.

अर्धा तास वायरी हलवण्यात गेला. मग एका मुलानं सेन्सर उपसून काढला आणि म्हणाला, "ह्यो भेगंतच उभा हाय की." काळी माती सुकताना भेगाळते, सेन्सरच्या पात्यांना माती लागतच नव्हती, मधे नुसती हवा. तिथून पुढची गंमत त्यांची त्यांनीच शोधली. प्रत्येक ठिकाणी आधी मूठभर माती दाबून बघायची, घरी बाप वाफसा बघतो तसं. गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे. मग त्याच मातीत सेन्सर दाबून आकडा लिहायचा. थोड्या वेळात त्यांच्याकडे आपल्याच रानापुरती एक मोजपट्टी तयार झाली. कॅलिब्रेशन हा शब्द त्यांच्या सरांनी त्यानंतर फळ्यावर लिहिला.

करिअर मार्गदर्शनाबद्दल माझं मतही असल्या फळ्या आणि सेन्सर पाहूनच बनलं. २०२० मध्ये राज्याचं महाकरिअर पोर्टल आलं. शाळाशाळांत व्याख्यानं होतात, पडद्यावर कोर्सची नावं सरकतात. माहिती वाईट नसते. पण पंधरा वर्षांच्या मुलाला डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस भरती आणि एमपीएससी यापलीकडची नावं पडद्यावर दिसली, तरी त्यातलं काम कसं असतं ते कळत नाही. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे कोच कारखान्यात २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन हे शब्द तेव्हापासून इथल्या घरांत जास्त ऐकू येतात. मात्र वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरून एक सरळ शिवण घालून पाहिल्याशिवाय, हे आपल्याला आवडतं की नुसती डोकेदुखी आहे, ते पोराला ठरवता येणार कसं? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, सुतार-माळी-कुंभारांकडे जाऊन शिकण्यासाठी. सुचवलेलं आणि घडलेलं यातलं अंतर आपल्याला ठाऊक आहे.

लोह्याच्या त्या शाळेत फळ्या झाल्यावर खरं काम यायचं होतं: शेजारच्या अंगणवाडीत दोन पॉइंट टाकायचे. त्याआधी खर्च काढायचा. तार, केसिंग, स्विच, स्क्रू यांचे भाव दुकानातून आणले होते, बेरीज पटकन झाली. अडलं ते शेवटच्या ओळीवर. निदेशकांनी तिथे 'मजुरी' लिहायला सांगितलं.

"आपली कसली मजुरी सर? आपुन तर शाळंतले."

"मंग तासभर काय झोपा काढणार का?"

एकीनं बाईमाणसाचा खुरपणीचा रोज सुचवला. दुसरी भडकली; खुरपणी आणि वायरिंग एकच का, म्हणाली, आणि त्यातही बाईचाच रोज का? तिसरीनं विचारलं, रोजानं धरायचं की गुत्त्यानं? बोलाचाली इतकी वाढली की पाइप कापणारी मुलंही करवत ठेवून आली. निदेशकांनी घड्याळ पाहिलं.

"गावातल्या वायरमनला विचारून या, पॉइंटमागं किती घेतो. अन् शिकाऊ पोराला त्यातलं किती देतो, तेबी विचारा."